सांगलीतलं वडिलांचं घर विकायचंय, मृत्युपत्र आहे, तरी प्रोबेट लागेल का?

गावभागकर
सांगलीत गावभागात वडिलांच्या नावावर घर आहे. खरेदीखत १९७८ चं, स्वकष्टार्जित. प्रॉपर्टी कार्डावर अजून वडिलांचंच नाव, घरपट्टीला मात्र माझं लागलंय. नोंदणीकृत मृत्युपत्रात घर आम्हा दोघा भावांना निम्मं निम्मं. आई आधीच गेली. बहिणीचा त्यात उल्लेख नाही, पण तिची विक्रीला ना नाही. धाकटा भाऊ अमेरिकेत स्थायिक. गिऱ्हाईक ९० लाखांना तयार आहे, पण कर्ज देणाऱ्या बँकेचा वकील प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं प्रमाणपत्र) आणा म्हणतो. खरंच लागतं का? आणि आधी काय करायचं?

दिवाणी_बाजू
कायद्याने लागत नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २१३ ची प्रोबेटची सक्ती हिंदूंच्या मृत्युपत्रांपुरती बघितली तर मुंबई, चेन्नई इथल्या उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी हद्दीत (जिथले दावे थेट उच्च न्यायालयात चालतात) आणि जुन्या बंगाल प्रांतातच होती. सांगलीत केलेलं मृत्युपत्र आणि सांगलीतलीच मिळकत, तिथे ती कधीच लागू नव्हती. शिवाय २०२५ च्या दुरुस्तीने ते कलमच वगळलं. बँकेच्या वकिलाला हे लेखी दाखवा. बरेच जण मुंबईचा मसुदा तसाच पुढे सरकवतात.

आणखी एक. मृत्युपत्रात एक्झिक्युटर (ते अमलात आणणारा) नेमलेला नसेल तर प्रोबेट मिळतच नाही. त्या वेळी मृत्युपत्र जोडून लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन (मिळकतीच्या व्यवस्थेचं कोर्टाचं अधिकारपत्र) मागावं लागतं. दोन्हींची वाट कोर्टातूनच जाते, आणि कुणी हरकत घेतली की अर्जाचा दावा होतो. वारसा प्रमाणपत्र कुणी सुचवलं तर नको म्हणा, ते ठेवी, शेअर, येणी यांच्यासाठी असतं, घरासाठी नाही.

बँकेची खरी भीती बहीण आहे. उद्या ती म्हणाली की मृत्युपत्र खोटं, तर ती वर्ग १ ची, म्हणजे पहिल्या हक्काची, वारस आहे, तिसरा हिस्सा मागेल. म्हणून तिला खरेदीखतात 'मान्यता देणार' म्हणून घ्या. मृत्युपत्र मान्य आहे, मिळकतीवर माझा हक्क नाही, असा मजकूर आणि निबंधकांसमोर सही. माझ्या मते ही एक सही प्रोबेटपेक्षा स्वस्त आणि जास्त कामाची.

तिला हिस्सा द्यायचाच असेल तर मृत्युपत्र बाजूला ठेवून तिघांची वारस नोंद करा आणि तिघेही 'लिहून देणार', म्हणजे विकणारे, व्हा. हक्कसोडपत्राचा मधला मार्ग लोक घेतात, पण त्यात मोबदला दाखवला तर नाममात्र मुद्रांकाची सवलत जाते. दोन वाटांपैकी एकच धरा. मृत्युपत्राने नोंद आणि वर हक्कसोड असं झालं की पुढचा प्रत्येक वकील विचारणार, बहिणीला हक्क होता की नव्हता?

मोजणी_बाबू
घरपट्टीवर नाव म्हणजे मालकी नाही, महापालिका कर कुणाकडून घ्यायचा एवढंच ते सांगतं. आधी नगर भूमापन कार्यालयात अर्ज टाका. मृत्यूचा दाखला, मृत्युपत्राची दुय्यम निबंधकांकडून काढलेली प्रमाणित प्रत, सगळ्या वारसांची नावं-पत्ते असलेलं शपथपत्र, ओळखपत्रं. बहिणीचं नाव वारसांत लपवू नका. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस असतात. तिने ना-हरकत जबाब दिला तर नोंद सरळ होते. हरकत आली तर नोंद वादग्रस्त होऊन सुनावणीला जाते, आणि मृत्युपत्र खरं की खोटं हे तिथला अधिकारी ठरवू शकत नाही, त्याला दिवाणी कोर्टच लागतं.

अर्ज टाकायच्या आधी ताजी मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढून नीट वाचा. तीन गोष्टी हमखास अडवतात. पहिली, खरेदीखतातलं आणि पत्रिकेतलं क्षेत्र जुळत नाही. जागेवर मोजणी करून घ्या, नाहीतर बँकेचा मूल्यांकन करणारा कमी क्षेत्र धरतो. दुसरी, जुना बोजा. एखाद्या पतसंस्थेचं कर्ज फिटलेलं असतं, पण नोंद कमी केलेली नसते. पतसंस्था अवसायनात (गुंडाळण्याच्या प्रक्रियेत) असेल तर पत्र अवसायकाकडूनच आणावं लागतं, त्यात वेळ जातो. तिसरी, सत्ताप्रकार, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धारण केलीय. शासकीय पट्टा किंवा वर्ग २ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री पुढे सरकत नाही.

गावभाग म्हणजे पूररेषेचा प्रश्न येणारच. महापालिकेच्या नगररचना विभागातून दाखला घ्या. निळ्या पूररेषेच्या आत नव्या बांधकामावर निर्बंध असतात. घेणारा पाडून बांधायच्या बेतात असेल तर २०१९ चा पूर डोळ्यांसमोर ठेवूनच तो भाव लावतो. विसारपावती व्हायच्या आधी हे उघड करा.

हिशेबनीस
कराचं बघा. वारसाने घर मिळालं यावर कर नाही, विकल्यावर भांडवली नफ्यावर आहे. खरेदी १९७८ ची, म्हणून मूळ किंमत १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत धरता येते, पण त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त नाही. नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल घ्या.

समजा ती ८ लाख आली. महागाई निर्देशांक न लावता नफा ८२ लाख, १२.५ टक्क्यांनी कर १० लाख २५ हजार. २०२५-२६ चा निर्देशांक ३७६ धरून किंमत ३०.०८ लाख होते, नफा ५९.९२ लाख, २० टक्क्यांनी जवळपास १२ लाख. म्हणजे इथे १२.५ टक्केच बरे. यावर ४ टक्के उपकर आहे. या दोन दरांतून निवडीची सोय फक्त निवासी व्यक्तीला; भाऊ अनिवासी, त्याला १२.५ टक्केच. प्रत्येकाने आपल्या निम्म्याचा हिशेब वेगळा करायचा.

घेणाऱ्याने तुमच्या हिश्श्यातून १ टक्का टीडीएस कापायचा, हिस्सा ४५ लाखांचा असला तरी, कारण मर्यादा पूर्ण मिळकतीच्या ५० लाखांवर मोजतात. भावाच्या ४५ लाखांवर मात्र उपकरासह १३ टक्के, म्हणजे ५ लाख ८५ हजार. घेणाऱ्याने इथेही १ टक्काच कापला तर फरकाची नोटीस त्यालाच येते. भावाला नवं घर घ्यायचं असेल किंवा सहा महिन्यांत भांडवली नफ्यावरचा कर वाचवणारे बाँड घ्यायचे असतील (मर्यादा ५० लाख), तर कमी कपातीचा दाखला विक्रीआधीच मागवा.

गावभागकर
भाऊ येऊ शकणार नाही. कुलमुखत्यारपत्र चालेल ना?

दिवाणी_बाजू
चालेल, पण मसुदा इथून पाठवा. सि. स. (सिटी सर्व्हे) नंबर, क्षेत्र, चतुःसीमा पत्रिकेप्रमाणे. विक्री करणे, मोबदला घेणे, निबंधकांसमोर हजर राहणे हे तिन्ही अधिकार स्पष्ट. तिकडे वकिलातीत किंवा नोटरी करून अपोस्टिल (दस्त परदेशात चालावा म्हणून तिथल्या सरकारचा शिक्का). महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरावा लागतो, म्हणून पाकिटाची तारीख जपून ठेवा. दस्ताच्या दिवशी भाऊ हयात आहे आणि पत्र रद्द झालेलं नाही, असं घोषणापत्रही तुम्हाला द्यावं लागेल. त्याचे पैसे त्याच्या एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या इथल्या रुपयांच्या) खात्यात घ्या, तुमच्या खात्यात अजिबात नको.