‘प्रांजळ’ कुणाला म्हणायचं?

सराफेवाला: गुची मेन या अटलांटाच्या रॅपरचं आत्मचरित्र (२०१७) वाचून संपवलं. अफाट आवडलं. इथे इंदुरात आमच्या गणेशोत्सवाच्या अंकात परिचय देतोय. पहिलंच वाक्य: ‘तुरुंगात लिहायला घेतलेलं प्रांजळ आत्मचरित्र’. प्रुफं आत्या बघते. तिने ‘प्रांजळ’वर लाल रेघ मारली. म्हणे, प्रांजळ साने गुरुजी. ड्रग्ज विकणारा कसला प्रांजळ! अहो, पण गडी सगळं सांगतो. अड्ड्यावरची विक्री, कोडीनवालं खोकल्याचं औषध सोड्यात ओतून रात्रंदिवस पिणं, त्यापायी सुटलेलं पोट. कुठे सफाई देत बसत नाही. मग शब्द कोणता?

कोशकिडा: प्रांजळच. सरळ, आडपडदा न ठेवता सांगितलेलं. सांगणारा सज्जन असावा अशी अट नाही. चोरही प्रांजळ कबुली देतो.

मल्हारगंजच्या काकू: प्र + अंजली, म्हणजे हात जोडून सांगणं. नम्रता हवीच. गालावर आइस्क्रीमचा कोन गोंदवून घेणाऱ्या या रॅपरात ती कुठली?

कोशकिडा: काकू, हात जोडलेला तो ‘प्रांजलि’, इकारान्त. ‘प्रांजल’ संस्कृतातही सरळ, प्रामाणिक याच अर्थाने येतो.

मल्हारगंजच्या काकू: माझे वडील शाळेत संस्कृत शिकवायचे. त्यांनी सांगितलेलं मी बदलणार नाही.

पेठकर: ते राहू द्या. ‘सफाई देणे’ हे कुठलं मराठी? सफाई गटाराची. आपल्याकडे सारवासारव करतात, नाहीतर खुलासा.

सराफेवाला: इंदुरात असंच बोलतात, भिया.

छावणीकरीण: सारवासारवीत चूक झाकायचा डाव असतो, सफाईत तो असेलच असं नाही. आणि खुलाशाचं तर बोलूच नका. इथल्या हिंदी पेपरात ‘खुलासा’ म्हणजे भांडाफोड. लग्न होऊन पुण्याला गेले, ‘वन्संनी आज मोठा खुलासा केला’ म्हटलं, तर सासूबाई विचारतात, तिच्यावर कसला आळ आला होता?

कोशकिडा: 😀 अरबीत खुलासा म्हणजे सार, अर्क. हिंदीने एकीकडे ओढला, मराठीने दुसरीकडे.

पेठकर: बोलताना काहीही बोला. छापील मराठीत हिंदी घुसवू नये एवढंच.

मल्हारगंजच्या काकू: होळकरांचं दफ्तर मोडीत चालायचं. इथल्या मराठीला पुण्याच्या दाखल्याची गरज नाही.

छावणीकरीण: मूळ प्रश्नाचं बघा ना. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ या पुस्तकात त्यांच्या जमातीच्या चोऱ्याच चोऱ्या आहेत, साहित्य अकादमी मिळाली. तिथे कुणी हात जोडायला लावले?

पेठकर: ते आत्मकथन. शिवाय त्या जमातीवर इंग्रजांनी कायदा करून गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. या रॅपरवर कुणी मारला?

सराफेवाला: अलाबामातून अटलांटाला आलेल्या काळ्या पोरावर शिक्का मारायला वेगळा कायदा कशाला लागतो?

कोशकिडा: आत्मकथन आणि आत्मचरित्र यांत फरक करायचाच असेल तर त्यासाठी नवा धागा काढा. इथे आधीच गुंता झालाय.

सराफेवाला: काढू नका. अंक छापायला गेला. आत्याने ‘प्रांजळ’ काढून ‘वाचनीय’ घातलं.

पेठकर: वाचनीय ठीक. पण अंक ‘छपाईला’ जातो.

मल्हारगंजच्या काकू: छापायलाही जातो.