मेंदूच्या इजेचे दिव्यांगत्व केवळ हात तपासून कसे ठरते?

प्रश्न (सातारा जिल्हा):
दोन वर्षांपूर्वी दुचाकी घसरून माझ्या धाकट्या भावाच्या डोक्याला गंभीर मार लागला. शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाली, परंतु घरी आल्यावर जे सुरू झाले त्यासाठी मदत मिळत नाही. उजवा हात नीट चालत नाही. त्याहून अवघड म्हणजे सकाळचे त्याला दुपारी आठवत नाही, आणि कधी आवाज न चढवणारा हा मुलगा आता आईच्या अंगावर धावून जातो. दिव्यांग प्रमाणपत्रावर मात्र हाताचे 30 टक्के एवढेच लिहिले आहे. बहुतेक सवलतींना लागणारे 40 टक्के नसल्यामुळे सगळे अडले आहे.

उत्तर (निवृत्त वैद्यकीय समाजसेवक):
ताई, हे प्रमाणपत्र अपुरे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मधील 21 प्रकारांत मेंदूची इजा स्वतंत्रपणे नाही, म्हणून तिचे परिणाम निरनिराळ्या प्रकारांत मोजून घ्यावे लागतात. स्मृती व वर्तन यांची तपासणी मनोविकारतज्ज्ञांकडून करून घ्या. दोन प्रकारांची टक्केवारी सरळ बेरजेने नव्हे, सूत्राने एकत्र करतात: 30 आणि 25 असल्यास एकूण सुमारे 47 होते. प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळाने ऐकले नाही, तर कायद्याच्या कलम 59 नुसार अपील करता येते.

उत्तर (पतीची शुश्रूषा करणारी, पुणे):
आमच्याकडेही नातेवाईक म्हणाले, ‘वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला?’ या संकोचात आमचे वर्ष गेले. तुम्ही ते घालवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या व्याख्येत विचार, मनःस्थिती आणि स्मृती यांतील गंभीर बिघाड येतो, आणि मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच धर्तीवर विमा देण्याचे बंधन विमा कंपन्यांवर आहे. तपासणीला जाताना महिनाभराच्या प्रसंगांची तारीखवार वही न्यावी, कारण दहा मिनिटांच्या भेटीत आमचे हे अगदी शांत बसत असत.

उत्तर (निवृत्त वैद्यकीय समाजसेवक):
वहीची सूचना फार मोलाची आहे. बहुविकलांगता (एकाहून अधिक प्रकारचे दिव्यांगत्व) नोंदली गेली, तर राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारी संस्थेच्या निरामय आरोग्य विमा योजनेसाठीही अर्ज करा. 1 लाख रुपयांपर्यंतच्या त्या विम्यात थेरपीचाही खर्च येतो. शस्त्रक्रियेला पैसे देणाऱ्या शासनाने त्यानंतरच्या पुनर्वसनालाही निधी द्यावा आणि मेंदूची इजा कायद्यात नावाने नोंदवावी, ही मागणी आपण कुटुंबांनी मिळून लेखी करायला हवी. मसुदा लिहायला मी तयार आहे.

प्रश्नकर्ती:
वही आजपासून सुरू केली आहे. मसुद्यात आमचेही नाव घाला.