विषय: साऊंड मिक्सरच्या पार्सलमध्ये मिक्सर नाही. तक्रारीत काय लिहायचं?

प्रेषक: सांस्कृतिक समिती
मंडळी, पार्सल आलं. आत एक छोटा अडॅप्टर आहे, बाकी काही नाही. विक्रेता म्हणतो, २० टक्के परत देतो, नाहीतर वस्तू स्वखर्चाने परत पाठवा. ट्रॅकिंगवर ‘डिलिव्हर्ड’ दिसतंय. पैसे पेपलवरून, खजिनदारांच्या कार्डाने गेलेत. आज तक्रार टाकायची आहे. कारण कुठलं निवडू, ‘वस्तू मिळाली नाही’ की ‘वर्णनाप्रमाणे नाही’? तालमी तोंडावर आल्यात, लगेच सांगा.

प्रेषक: माजी सचिव
‘मिळाली नाही’ निवडा. मिक्सर मिळालेला नाही, हेच खरं आहे. प्रोजेक्टरच्या वेळी आपण तेच लिहिलं होतं.

प्रेषक: वेबसाइट समिती
काका, प्रोजेक्टरचं पार्सल आलंच नव्हतं. इथे आलंय. ‘मिळाली नाही’ म्हटलं की विक्रेत्याने फक्त पोचपावती दाखवायची, की प्रकरण संपलं. अडॅप्टर पाठवला जातो तो त्या पोचपावतीसाठीच. ताई, ‘वर्णनाप्रमाणे नाही’ हेच निवडा.

पुरावा म्हणून पाकिटावरचं लेबल जपा, त्यावर सहसा वजन छापलेलं असतं. विक्रीच्या पानावर मिक्सरचं वजन दिलंय, त्याचा स्क्रीनशॉट आजच घ्या, उद्या पान काढून टाकतील. दोन वजनं शेजारी ठेवली की वाद घालायला फार उरत नाही.

प्रेषक: माजी सचिव
पटलं. पण अडॅप्टर परत पाठवायचा का? दोन पैशांच्या वस्तूसाठी परदेशी टपालखर्च करणं मला मान्य नाही.

प्रेषक: वेबसाइट समिती
काका, मुख्य अडचण हीच आहे. कार्डाच्या नियमांत ‘वर्णनाप्रमाणे नाही’ या कारणासाठी (व्हिसाचा कोड १३.३) वस्तू परत केल्याचा किंवा परत करायचा प्रयत्न केल्याचा पुरावा लागतो. ‘मी पाठवणार नाही’ असं लिहून दिलंत तर दावा तिथेच लंगडा होतो. म्हणून विक्रेत्याला असं लिहा: ‘चुकीची वस्तू परत द्यायला तयार आहे, पूर्ण पत्ता आणि आगाऊ भरलेलं लेबल पाठवा.’ तो बहुधा टाळाटाळ करेल. ती टाळाटाळ म्हणजेच आपला पुरावा. पेपलने स्वतः परत पाठवा म्हटलं, तर मात्र त्यांनी दाखवलेल्या पत्त्यावरच, ट्रॅकिंगसह पाठवा. विक्रेता चॅटवर वेगळा पत्ता देईल, तिथे पाठवू नका.

२० टक्के घेऊ नका. पेपलवर तो प्रस्ताव स्वीकारला की प्रकरण बंद होतं आणि पुन्हा उघडता येत नाही. ‘आधी तक्रार मागे घ्या, मग पूर्ण रक्कम देतो’ हाही त्यातलाच प्रकार.

प्रेषक: खजिनदार
कार्ड माझ्या नावावर आहे, त्यामुळे बँकेशी मीच बोलणार. सांस्कृतिक समितीने विक्रेत्याला व्हॉट्सॲपवर उत्तरं देणं कृपया थांबवावं. जे लिहायचं ते पेपलच्या प्रकरणातच, नाहीतर ते कुणी ग्राह्य धरत नाही.

आधी पेपल, मग बँक. दोन्हीकडे एकदम गेलो तर पेपल आपलं प्रकरण बंद करतं. पैसे भरल्यापासून १८० दिवसांत डिस्प्यूट (विक्रेत्याविरुद्धची पहिली तक्रार) उघडता येतो, आणि उघडल्यापासून २० दिवसांत तो क्लेममध्ये (पेपलनेच निकाल द्यावा या मागणीत) बदलावा लागतो, नाहीतर आपोआप बंद होतो. विक्रेता ‘दोन दिवस थांबा’ म्हणतो ते हे २० दिवस उलटून जावेत म्हणूनच. मी उद्याच बदलून टाकते. पेपलने नाकारलं तर चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत कार्डाचे पैसे परत मागणं. त्याला साधारणपणे माल हातात आल्यापासून १२० दिवस असतात, पण बँकेची स्वतःची मुदत कमी असू शकते, ती फोन करून विचारते.

बँकेला ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ असं कुणीही सुचवू नये. व्यवहार आपणच केला आहे. खोटं कारण दिलं की खरा दावाही जातो. शिवाय बँकेने तात्पुरती रक्कम जमा केली तर ती मी हिशेबात धरणार नाही. विक्रेत्याचं उत्तर आल्यावर ती परत काढून घेतली जाऊ शकते.

प्रेषक: युवा समिती
ट्रॅकिंगवर ‘डिलिव्हर्ड’, पण घरी काहीच आलं नाही, असं झालं तर?

प्रेषक: वेबसाइट समिती
तेव्हा काका म्हणतात तेच कारण, ‘मिळाली नाही’. अशा वेळी पाकीट बहुधा त्याच पिनकोडमधल्या दुसऱ्याच पत्त्यावर टाकलेलं असतं. कुरिअरकडून दोन गोष्टी लेखी मागा: पाकिटाचं वजन, आणि ते आपल्या पत्त्यावर दिलेलं नाही याची खात्री. पूर्ण पत्ता ते सहसा सांगत नाहीत, तेवढ्यावर काम भागतं.

प्रेषक: माजी सचिव
स्पीकरची आगाऊ रक्कम मात्र बँक ट्रान्सफरने गेली आहे ना? तिथे चार्जबॅक नाही. शंका आली त्याच दिवशी बँकेत रिकॉल (पैसे परत मागवण्याची विनंती) मागावा लागतो, यूईटीआर, म्हणजे त्या ट्रान्सफरचा ओळख क्रमांक देऊन. समोरच्या खात्यात एकदा जमा झाली की त्याच्या संमतीशिवाय सहसा परत येत नाही. खजिनदारांनी आज बघावं.

प्रेषक: खजिनदार
काका, स्पीकर पोचलेत, तपासून घेतलेत.

‘पैसे परत मिळवून देतो’ अशी मेल दोघांना आली आहे. त्यांना फी देऊ नका, कार्डाचा नंबरही नको. ताई, अडॅप्टर वजनकाट्यावर ठेवून, आकडा आणि लेबल एकाच फोटोत येईल असा काढा आणि रात्रीपर्यंत मला पाठवा.