खाऱ्या पाण्याच्या टाकीला झाकण : लावलंत की काढलंत?

गोड्या पाण्याची माशांची टाकी घेतली की दुकानदार हूड, म्हणजे दिव्यासकट झाकण, लावूनच देतो, प्रश्नच नसतो. खाऱ्या पाण्याचं मात्र प्रत्येकाचं वेगळंच. एक म्हणतो काच टाक, दुसरा म्हणतो काच टाकलीस तर पाणी उकळेल, तिसरा नुसताच हसतो आणि 'जाळी' म्हणतो.

माझी २०० लिटरची टाकी ठाण्यात, खाडीच्या बाजूला. पाणी भरलंय, दगड मुरतायत (त्यांच्यात उपयोगी जिवाणू वाढेपर्यंत थांबायचं), मासे अजून आणलेले नाहीत. क्लाऊनफिशची जोडी नक्की, आणि घरच्यांचा फायरफिशवर डोळा आहे. तुम्ही काय केलंत ते या धाग्यात लिहा. नुसता सल्ला नको. गाव, टाकी कुठे ठेवलीय, मासे कोणते, हे सांगून लिहा. पुण्याचं उत्तर मुंबईला लागू पडत नाही असा मला दाट संशय आहे.

मुलुंड

संशय बरोबर आहे. आमच्याकडे काचेचं दोन तुकड्यांचं झाकण होतं. मार्चपर्यंत छान. एप्रिलच्या शेवटी दुपारी पाणी ३१ अंशांवर जायला लागलं. काच काढली, काठावर कॉम्प्युटरचे दोन छोटे पंखे पाण्याकडे तोंड करून बसवले, तर २८-२९ वर थांबलं. तेवढ्यात भागलं, कारण माझ्याकडे प्रवाळ नाहीत, नुसते मासे आहेत. पण जुलैत तेच पंखे नुसते फिरतात. हवाच ओली, पाणी उडणार कुठे?

नागपूर

मुलुंडकरांच्या मुद्द्याची दुसरी बाजू सांगतो. आमच्याकडे घरोघरी डेझर्ट कूलर चालतो आणि मुंबईत तो कुचकामी ठरतो, ते ज्या कारणाने, त्याच कारणाने उघडी टाकी इथे थंड राहते. थोडं गणित करू. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० किलोज्यूल उष्णता लागते. १०० लिटर खारं पाणी एक अंशाने थंड करायला लागतात सुमारे ४१०. म्हणजे १०० लिटरच्या टाकीतून एक लिटर उडालं, तर ते जवळपास सहा अंशांची उष्णता घेऊन जातं. खोलीतून उष्णता परत आत येतच असते, त्यामुळे थर्मामीटरवर सहा अंश दिसणार नाहीत, पण ताकद केवढी आहे ते कळतं. काचेचं झाकण म्हणजे हा फुकटचा चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) बंद करणं.

मात्र त्याला मर्यादा आहे. वाफेने पाणी हवेच्या 'वेट बल्ब' तापमानाखाली (ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो त्याखाली) जात नाही. आमच्या मे महिन्यात ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ही मर्यादा २३ च्या आसपास येते. मुंबईत पावसाळ्यात ३२ अंश आणि ८० टक्के असेल, तर २९! म्हणजे तिथे पंख्याने २६ अंश कधीच मिळणार नाहीत, झाकण ठेवा नाहीतर काढा. तिथे एसी किंवा चिलर.

याची किंमत पाण्याने मोजायची. उन्हाळ्यात माझ्या टाकीतून रोज चार-पाच लिटर उडतं. मीठ मागेच राहतं. धागा काढणाऱ्यांच्या २०० लिटरमधून १२ लिटर उडाले आणि भर घातली नाही, तर ३५ ची क्षारता (हजार भागांत ३५ भाग मीठ) ३७ च्या पुढे जाते. म्हणून भर घालायची ती आरओच्या पाण्याची, मिठाच्या पाण्याची नाही. हे नवख्यांना दहादा सांगावं लागतं. फ्लोट व्हॉल्व्ह लावून ड्रमातून आपोआप भर पडेल अशी सोय करा. नाहीतर लग्नाला गावी गेलात की शेजाऱ्याला किल्ली देऊन मिठाचा हिशेब शिकवत बसा.

डोंबिवली

ते उडालेलं पाणी जातं कुठे, हे कोणी लिहीत नाही. आमच्या वन बीएचकेत ते भिंतीत गेलं. टाकीमागच्या भिंतीला पोपडे, कपाटाच्या मागे बुरशी. वर मिठाची पांढरी पूड सगळीकडे. टीव्हीमागच्या जोडण्या गंजल्या. सौ.नी अल्टिमेटम दिला. सध्या दोन तृतीयांश काच, एक तृतीयांश जाळी आणि टाकी भिंतीपासून हातभर पुढे. शांतता आहे.

पुणे, कोथरूड

तुमच्या फायरफिशबद्दल. त्याला झाकण हवंच. यात मत-बित काही नाही. फायरफिश, रास (wrasse), जॉफिश आणि बरेचसे गोबी घाबरले की वर उसळतात. समुद्रात वर भरपूर पाणी असतं, आपल्याकडे वर फरशी. उडी बहुतेक नव्या माशाची, पहिल्या काही दिवसांतली, आणि दिवा फट्‌कन बंद झाल्यावर. म्हणून दिवे हळूहळू मंद होतील असे लावा आणि खोलीतला एखादा छोटा दिवा राहू द्या. क्लाऊनफिश सहसा उडी मारत नाही, पण डॅमसेलसारखा भांडखोर मासा मागे लागला तर त्याचाही भरवसा नाही. पाण्याची पातळी दोन इंच खाली ठेवून भागतं असं सांगणारे भेटतात. फेअरी रासने एकदा उडी मारलेली पाहिली की दोन इंचांचं कोणी बोलत नाही.

आमच्याकडे मांजरही आहे. तिच्यासाठी वेगळं झाकण नाही, जाळीच पुरते. ती वर बसते, कारण दिव्याखाली ऊब असते.

धागा काढणारा

कोथरूडकर, जाळी कुठली? मच्छरदाणीची लावली तर चालेल का?

कळवा

याचं उत्तर मी देतो, आमचं कामच स्लायडिंग खिडक्यांचं. मच्छरदाणीची काळी बारीक जाळी लावू नका. उजेड खाते, भोकं मिठाने बुजतात आणि मग ती काचेसारखीच होते. ६ मिलिमीटर भोकाची, पारदर्शक नायलॉनची जाळी मिळते, ती आणा. चौकट मात्र खिडकीच्या जाळीचीच घ्या : ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, प्लास्टिकचे कोपरे, खाचेत दाबायची रबराची दोरी. कुठलाही खिडकीवाला टाकीच्या मापाने कापून देईल. माप टाकीच्या आतून घ्यायचं की बाहेरून, हे आधी ठरवा. काठावर आडवी काचपट्टी असेल तर चौकट तिच्यावर टेकते आणि सगळं सोपं होतं.

जाळी ताणून बसवा. सैल राहिली तर मध्ये झोळ येतो, पाण्याला टेकतो आणि तिथे मीठ धरतं. पाईप, वायर, खाणं टाकायची जागा यांच्यासाठी कोपऱ्यात खाच ठेवायची, पण इंचभर फट राहिली तर फायरफिश नेमका तीच शोधतो. खाचेभोवती ॲक्रिलिकचा तुकडा चिकटवा. स्क्रू लावायचेच असतील तर ३१६ स्टेनलेसचे, आणि पाण्यावर नकोत. पितळेची कडी-बिजागरी अजिबात नको. पितळेत तांबं असतं, आणि कोळंबी, खेकडे, प्रवाळ यांना तांबं म्हणजे विषच. जाळी आठवड्यातून एकदा नळाखाली धरली की झाली स्वच्छ.

अखंड ॲक्रिलिकचं झाकण करायला बरेचजण येतात. मी परत पाठवतो. खालून ओल, वरून कोरडं, त्यामुळे ॲक्रिलिक महिनाभरात वाटीसारखं वळतं. पॉलीकार्बोनेट त्यापेक्षा बरं टिकतं.

ऐरोली

'झाकणाने मासे गुदमरतात' असं बरेचजण म्हणतात, त्याबद्दल. आमचा पीएच (पाणी किती आम्ल, किती अल्कली याचं माप) रात्री ७.९ पर्यंत उतरायचा. काच काढून पाहिली, फारसा फरक नाही. मग रविवारी खिडक्या उघड्या टाकल्या आणि संध्याकाळपर्यंत ८.२. दोष झाकणाचा नव्हताच. एसीच्या बंद खोलीत आम्ही चौघं, त्या हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरत होता आणि पीएच पाडत होता. स्किमरची (बुडबुड्यांच्या फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) हवेची नळी खिडकीबाहेर काढली, प्रश्न मिटला. स्किमर आणि ओव्हरफ्लो (टाकीतलं वरचं पाणी खाली सांडायची वाट) नीट चालत असेल तर प्राणवायू तिथूनच मिळतो. वीज गेली की मात्र झाकण काढा. पंप बंद, पाणी कोमट, आणि कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो.

मडगाव

आमचं कौलारू घर. वरून पडणाऱ्या गोष्टींची यादी देऊ? पाल, झुरळ, कौलाची माती, एकदा उंदराचं पिल्लू. इकडे झाकण माशासाठी नसतं, घरासाठी असतं. बारमाही जाळी, आणि पावसात वीज गेली तरी ती तशीच राहते, काढावी लागत नाही.

अंधेरी

सोसायटीत पेस्ट कंट्रोलवाले येतात त्या दिवसाचं लिहा कोणीतरी. ते मीच लिहिते. झुरळांच्या स्प्रेत आणि डासांच्या लिक्विडमध्ये पायरेथ्रॉइड नावाची कीटकनाशकं असतात. माणसाला फारसं काही होत नाही, पण मासे आणि त्याहून जास्त कोळंबी त्याने जातात. काचेचं झाकण आहे म्हणून निर्धास्त राहू नका : एअर पंप आणि स्किमर खोलीचीच हवा ओढून पाण्यात सोडतात. फवारणीच्या वेळी ते दोन्ही बंद, टाकीवर प्लास्टिक, पाणी फिरवणारा पंप चालू, आणि खोली पूर्ण हवेशीर झाल्यावरच सगळं पुन्हा सुरू. टाकीच्या खोलीत डासांचं मशीन आम्ही लावतच नाही. गणपतीत धूप दुसऱ्या खोलीत.

न्यू जर्सी

आमचं उलटं. जानेवारीत घर हीटरने गरम, हवा कोरडी ठण्ण. उघड्या टाकीचं पाणी भराभर उडतं, ती वाफ थंड खिडक्यांवर जमते आणि चौकटीत बुरशी धरते. टाकीचा हीटर दिवसभर चालतो. म्हणून नोव्हेंबर ते मार्च काच, मग जाळी. प्रवाळांसाठी चुन्याचं पाणी टॉप-अपमधून (उडालेल्या पाण्याच्या भरीतून) देत असाल तर लक्षात ठेवा : काच लावली की पाणी कमी उडतं, म्हणजे चुनाही कमी जातो. त्या महिन्यांत कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (आम्ल पचवायची पाण्याची ताकद) वेगळी तपासावी लागते.

विरार

मोरे ईल (सापासारखा लांब मासा) आहे कोणाकडे? जाळीची चौकट तो नाकाने उचलतो. माझ्याकडे जाड काच आहे, चारी बाजूंना क्लिपा, पाइपाच्या खाचेत स्पंज कोंबलेला, आणि उन्हाळ्यात चिलर, कारण इथे उघडं ठेवण्याचा पर्यायच नाही. ईल घ्यायच्या आधी चिलरचे पैसे बाजूला ठेवा.