गिफ्ट कार्डांचे कोड विकणे: धंदा की डोक्याला ताप?

स्टँडसमोरचा
कराडात एसटी स्टँडजवळ माझं मोबाइल आणि झेरॉक्सचं दुकान आहे. रिचार्ज मारायला आता कुणी येत नाही, सगळे घरबसल्या मारतात. म्हणून दोन वर्षं गूगल प्लेच्या गिफ्ट कार्डांचे कोड ठेवतोय, ॲप आणि गेममध्ये पैसे भरायला लागतात ते. शंभराच्या कोडामागे मला अडीच रुपये सुटतात, चहासुद्धा येत नाही त्यात. पण दिवसाला तीस-चाळीस जातात. फळी अडत नाही, उंदीर कुरतडत नाही, उधारी नाही. आता व्हॉट्सॲपवर ऑर्डर घ्यायचा विचार आहे. क्यूआर पाठवायचा, पैसे आले की कोड पाठवायचा, मग गिऱ्हाईक कराडचं असो की कोलकात्याचं. माझ्या मते एवढ्या कमी भांडवलात दुसरा धंदा नाही. मेव्हणा म्हणतो, पायावर धोंडा मारून घेतोयस. बोला.

पोळलेला
मेव्हण्याचं ऐका. मी हेच केलं होतं.

एक जण मेसेजवर पाच हजारांचे कोड मागायचा. मी क्यूआर पाठवायचो, पैसे यायचे, कोड जायचे. तीन वेळा सुरळीत. पैसे दर वेळी वेगळ्या नावाने यायचे, पण म्हटलं भाऊ-मेव्हणा कुणी भरत असेल. दीड महिन्याने दुकानाचं खातं गोठलं. परराज्यातल्या सायबर पोलिसांची नोटीस. झालं होतं असं की तो माझा क्यूआर तिसऱ्यालाच पाठवत होता, 'नोकरीची फी' म्हणून. फसलेला माणूस मला पैसे भरायचा, कोड त्या भामट्याला मिळायचे. फसलेल्याने सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला की माग काढत काढत पहिलं खातं सापडतं ते आपलं. भामट्याचं खातं मधे येतच नाही!

वाद पंधरा हजारांचा, अडकले सगळे. मोबाइलच्या डीलरला द्यायचे होते तेसुद्धा. अडीच टक्क्यांनी हिशेब करा, मला सुटले होते ३७५ रुपये.

स्टँडसमोरचा
वाईट झालं राव. पण चोराने पान घेतलं म्हणून पानवाल्याचं खातं बंद करतात का?

पोळलेला
करतात, पैसे क्यूआरवर आले असतील तर. भाजीवाल्यांचीही खाती अशी अडकली आहेत. फरक एवढाच की चोर पाच हजारांची भाजी नेत नाही. कोड म्हणजे रोकडच, आणि एकदा वापरला की परत येत नाही.

नांदेडकर ताई
मी विरुद्ध बाजूने बोलते. आमचं दुकान क्लासेसच्या भागात आहे. होस्टेलच्या मुलांकडे बँकेचं कार्ड नसतं, कुणाला ॲपचं सबस्क्रिप्शन भरायचं असतं, ती रोख देऊन कोड नेतात. त्यांची खरी सोय होते. धंदा वाईट नाही, अनोळखी माणसाला मेसेजवर विकणं वाईट आहे.

गेल्या वर्षी एक निवृत्त गुरुजी आले. हातात मोबाइल, घाम फुटलेला. हजाराचे दहा कोड द्या म्हणाले. कशाला विचारलं तर म्हणे संस्थेचे अध्यक्ष मीटिंगमध्ये आहेत, पाहुण्यांना भेट द्यायचीय, त्यांनी मागवलेत. मेसेजवर अध्यक्षांचा फोटो, नंबर भलताच. मी अध्यक्षांच्या घरी फोन लावायला लावला. अध्यक्ष जेवत होते. काउंटर होता म्हणून तो घाम मला दिसला. व्हॉट्सॲपवर गुरुजींची ऑर्डर आली असती तर मी दोन मिनिटांत कोड पाठवून मोकळी झाले असते.

हिशेबनीस
कागदाचं थोडं. ३१ डिसेंबर २०२४ च्या जीएसटी परिपत्रकाने व्हाउचर, म्हणजे असे कोड, ना वस्तू ना सेवा असं स्पष्ट केलं. स्वतः विकत घेऊन पुढे विकलं तर त्यातल्या फरकावर जीएसटी नाही. एजंट म्हणून कमिशन घेत असाल तर कमिशन ही सेवा, नोंदणी असेल तर त्यावर कर. तेव्हा वितरकाच्या करारात तुम्ही कोण आहात ते आधी वाचा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमात गिफ्ट कार्डाला १०,००० रुपयांची मर्यादा आहे आणि रोख काढता येत नाही. पण कंपनीने फक्त स्वतःच्याच मालासाठी काढलेलं कार्ड या चौकटीत येत नाही. आणि क्रेडिट कार्डाच्या ऑफरमध्ये स्वस्तात घेतलेले कोड टेलिग्रामवर विकण्याच्या भानगडीत पडू नका. पुनर्विक्रीला बहुतेक गिफ्ट कार्डांच्या अटींतच मनाई असते.

सातवीतल्याची आई
सगळे फसवणुकीवर बोलताहेत, पण हे तीस-चाळीस कोड नेतं कोण? फ्री फायर हा मोबाइल गेम फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झाला, त्याचा 'मॅक्स' भाऊ चालूच राहिला. माझ्या मुलाने आजीच्या बटव्यातून शंभर-शंभर काढून त्या गेममधले डायमंड, म्हणजे तिथले पैसे, घेतले. दुकानदाराने एकदाही विचारलं नाही की बाळा, एवढे पैसे कुठले?

स्टँडसमोरचा
ताई, पोरगं शंभराची नोट घेऊन आलं तर मी कुरकुरे देतो, तेव्हा कोण विचारतं?

सातवीतल्याची आई
रोज शंभराचे कुरकुरे नेले तर तुम्ही नक्की विचाराल. निदान आईला सांगाल.

स्टँडसमोरचा
हे मात्र लागलं. शाळेच्या गणवेशातल्यांना आठवड्याला एकच, असं करून बघतो. मेसेजवरच्या ऑर्डरी फक्त ओळखीच्यांच्या, पाचशेपर्यंत, आणि पैसे त्याच्याच नावाने आले तरच कोड. धंदा मात्र सोडत नाही. दिवसाचे ते शंभर रुपये म्हणजे माझं दुकानाचं लाइट बिल आहे.

पोळलेला
आणि रात्री साडेअकराला 'ओळखीचा' दोन हजारांचा कोड मागेल, अर्जंट म्हणेल, त्याला?

स्टँडसमोरचा
दुकान बंद आहे म्हणून सांगेन. नऊला शटर ओढतो मी.