साठीनंतर गोल्फ शिकायचंय, कोल्हापुरात राहून स्विंगचा सराव कसा करू?

राजारामपुरीकर
नमस्कार मंडळी. वय 63, नोकरीतनं रिटायर झालोय. रोज सकाळी रंकाळ्यावर चालतो, बीपी कंट्रोलमधे आहे, डावा गुडघा तेवढा कुरकुर करतो. लेक पुण्यात असते, तिच्याकडं गेलो की जावई गोल्फला घेऊन जातात आणि खेळ मला मनापासनं आवडलाय. तरुणपणी क्रिकेट भरपूर खेळलोय त्यामुळं बॉल लागतो, पण लागला की उजवीकडं वळत जातो, आणि बऱ्याचदा बॉलच्या आधी क्लब (मारायची काठी) जमिनीलाच घासतो. यूट्यूबवर लय बघितलं, एक म्हणतो डोकं हलवू नका, दुसरा म्हणतो हलू दे. या वयात स्विंग, म्हणजे क्लब फिरवून मारणं, नीट बसतो का, कोच कसा निवडायचा, आणि पुण्याच्या दोन फेऱ्यांच्या मधे इथं काय करत राहू? करवीर तालुक्यात थोडी शेती आहे, ऊस तुटला की रान मोकळं असतं.

गवताळ
काका, बिनधास्त शिका, स्विंग बसतो. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब क्लब, मात्र तूर्त बॅगेतच राहू द्या.

शाहूपुरी_18
सविस्तर लिहितो, कारण माझ्या वडिलांना साठीनंतरच हा नाद लागला आणि त्यांच्यासोबत मीही शिकलो.

पहिलं कोचचं. खासबागेत बसून कुस्त्या बघितल्या म्हणून कुणी पैलवान होत नाही, वस्तादानं अंगाला हात लावून पकड सुधारायला लागते, तसंच हे. ग्रिप (क्लबची पकड), उभं राहणं आणि बॉल दोन पायांच्या मधे कुठं ठेवायचा या तीन गोष्टी व्हिडिओ बघून बसत नाहीत. पुण्यात येरवड्याला पूना क्लबचा कोर्स (गोल्फचं मैदान) आहे, बावधनच्या बाजूला ऑक्सफर्डचा आहे, दोन्ही 18 होलचे, म्हणजे बॉल घालायची 18 भोकं असलेले. तिथं चौकशी करताना कोचकडं नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडियाचं सर्टिफिकेट आहे का विचारा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पहिल्याच दिवशी तो तुमच्या गुडघ्याची, पाठीची चौकशी करतो का ते बघा. जो ती न करता टीव्हीवरच्या पोरांसारखं पूर्ण वळा म्हणतो तो तुमच्या कामाचा नाही. एकदा कोच धरला की मधले व्हिडिओ बंद करा, मोबाईल फक्त स्वतःचा स्विंग शूट करायला वापरा, एकदा समोरनं आणि एकदा मागनं, बॉल जायच्या रेषेत मोबाईल ठेवून, आणि ते कोचला पाठवत चला.

बॉल उजवीकडं वळतो त्याचं कारण असं की बॉल निघतो तो मुख्यतः क्लबच्या तोंडाच्या, म्हणजे बॉलला लागणाऱ्या सपाट भागाच्या, दिशेनं, आणि वळतो तो तोंड आणि क्लबचा रस्ता यांच्यातल्या फरकामुळं. तुमचा क्लब बाहेरनं आत ओढला जात असणार आणि त्या रस्त्याच्या मानानं तोंड उघडं राहत असणार. क्रिकेटवाल्यांचं हे फार होतं. डावा हात वर, उजवा खाली हे बॅटसारखंच आहे, पण गोल्फमधे डावा हात दांड्यावर थोडा उजवीकडं फिरवून धरतात, वरनं बघितलं की डाव्या हाताची दोन तरी बोटांची हाडं दिसली पाहिजेत. एवढ्यानंसुद्धा बॉलचं वळणं कमी होतं.

आता जमीन घासण्याचं. यावर माझा सगळ्यात भरवशाचा उपाय रांगोळी. शेतात सपाट जागा बघा, ढेकळं बाजूला करा, दोन पायांच्या मधोमध रांगोळीची सरळ रेघ ओढा आणि बॉल न ठेवता सात नंबर आयर्ननं (धातूच्या डोक्याचा मधल्या लांबीचा क्लब) अर्धा स्विंग मारा, म्हणजे हात कमरेपासून कमरेपर्यंतच. क्लब रेघेवर किंवा रेघेच्या पुढं डाव्या पायाकडं लागला पाहिजे. मागं लागत असेल तर वजन उजव्या पायावरच राहतंय. प्रत्येक वेळी खूण आपोआप दिसते, कुणाला विचारायला नको. दहातले सात-आठ रेघेच्या पुढं लागायला लागले की मगच बॉल ठेवा, आणि तोही फोमचा. खरा बॉल जवळपास 46 ग्रॅमचा कडक गोळा असतो, बाजूच्या रानात माणसं, जनावरं असतात, त्यामुळं नेट लावल्याशिवाय खरा बॉल मारायचा नाही म्हणजे नाही.

माहेर_कागल
मी फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून थोडं शरीराबद्दल. डावा गुडघा कुरकुरतोय तर डाव्या पायाचा चवडा सरळ न ठेवता थोडा बाहेर वळवून उभे राहा, मारताना गुडघ्यावर पीळ कमी येतो. मागं नेताना डावी टाच उचलली गेली तर उचलू द्या, वळणं सोपं होतं. क्लब गच्च आवळू नका. कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं तर त्यालाच गोल्फर्स एल्बो म्हणतात, तिथं थांबायचं, दामटून खेळायचं नाही. आणि रंकाळ्यावरनं चालून आलात की लगेच, अंग गरम असतानाच सराव करा.

राजारामपुरीकर
सगळ्यांचे मनापासून आभार, रांगोळीचं उद्याच करतो. दोन शंका. सेट कुठला घेऊ? आणि पावसाळ्यात शेतात चिखल, तेव्हा काय?

शाहूपुरी_18
बॅगेत जास्तीत जास्त 14 क्लब चालतात, पण तुम्हाला आत्ता चार पुरे: सात नंबर, पिचिंग वेज (जवळच्या उंच फटक्यांचा), एक हायब्रिड (लांबच्या फटक्यांचा) आणि पटर (बॉल जमिनीवरनं होलमधे ढकलायचा). जुना हाफ सेट चालतोय, फक्त दांडा ग्रॅफाइटचा आणि सिनियर किंवा रेग्युलर फ्लेक्सचा (लवचिकपणाचा) बघा, स्टीलचा जड पडेल आणि कोपराला हिसका बसतो. लांब आयर्नच्या नादाला लागू नका, त्या जागी हायब्रिड सोपं जातं.

पावसाळ्याचं म्हणाल तर तोच खरा कमाईचा काळ आहे. पार 72 च्या कोर्सवर, म्हणजे चांगल्या खेळाडूनं 72 फटक्यांत संपवावा अशा कोर्सवर, दर होलला पटरचे दोन फटके धरलेले असतात, म्हणजे 72 पैकी 36 फटके पटरचे, आणि ते सगळे हॉलमधल्या सतरंजीवर शिकता येतात. पाण्याचा पेला आडवा ठेवा. खरं होल 108 मिलिमीटर रुंद असतं, पेला त्याहून अरुंद. पाच-सहा फुटांवरनं बॉल पेल्यात जायला लागला की कोर्सवर होल मोठं वाटतं. बॉलच्या पुढं वीतभर अंतरावर दोन नाणी ठेवून मधनं बॉल काढायचा, म्हणजे सुरुवातीची दिशा पक्की होते. सतरंजीला सुरकुती नको तेवढं बघा.

गवताळ
आणि पुढच्या पुणे फेरीत रेंजवर (सरावाच्या मैदानावर) बादलीभर बॉल मारत बसण्यापेक्षा अर्धा वेळ चिपिंगला, म्हणजे होलजवळच्या छोट्या फटक्यांना, द्या काका. जावयांच्या बरोबरीनं स्कोअर तिथनंच येईल.