अनुभव धागा : उपाध्यक्षपदाच्या उमेदवारामुळे तुमचे मत बदलले का?

धागाकर्ती, शिकागोजवळून :
अमेरिकेच्या मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्ष आणि उपाध्यक्ष या पदांच्या उमेदवारांची नावे जोडीने छापलेली असतात आणि त्या जोडीला मिळून एकच मत द्यावे लागते. थाळी घेतली की नावडती भाजीही पानात येते, तसाच हा प्रकार आहे. भारतात उपराष्ट्रपतींची निवड खासदार स्वतंत्रपणे करतात. त्यामुळे इथे नव्याने मतदार झालेल्या आपल्या मंडळींना या जोडीदाराचे वजन किती मानावे हे लवकर उमगत नाही. मला तरी पहिल्या निवडणुकीत उमगले नव्हते. वृत्तवाहिन्यांवरचे विश्लेषण इथे नको. नाव जाहीर झाले त्या दिवशी काय वाटले आणि शेवटी मत कोणाला दिले, एवढेच प्रामाणिकपणे लिहावे, ही विनंती.

ओहायोहून :
मला २००७ साली नागरिकत्व मिळाले, म्हणून २००८ची निवडणूक ही माझी पहिली. रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार जॉन मॅकेन यांच्याविषयी मला आदर होता आणि मत त्यांनाच द्यायचे असे जवळजवळ ठरले होते. २९ ऑगस्टला, त्यांना ७२ वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, आमच्या घरापासून अर्ध्या तासावरच्या डेटनमध्ये त्यांनी सारा पेलिन यांचे नाव जाहीर केले. बाईंचे भाषण ठसकेबाज होते आणि अलास्काच्या गव्हर्नरपदावर त्यांना दोन वर्षेही झालेली नाहीत, याकडे मी खुशाल काणाडोळा केला. पुढे दूरचित्रवाणीवरच्या पत्रकार केटी कुरिक यांनी घेतलेल्या मुलाखतीत, आपण कोणती वृत्तपत्रे वाचता, या साध्या प्रश्नालाही त्यांना नेमके उत्तर देता आले नाही. ते पाहताना माझ्या मनातली शंका पेलिन यांच्यावरून सरकून मॅकेन यांच्यावर आली : बहात्तराव्या वर्षी, आपल्या पश्चात देश ज्यांच्या हाती जाऊ शकतो त्या व्यक्तीची निवड या गृहस्थांनी इतक्या घाईने केली असेल, तर बाकीचे निर्णय ते कसे घेतील? मी मत बराक ओबामांना दिले. मात्र त्याचे सारे श्रेय पेलिन यांना देणे खोटेपणाचे होईल, कारण मधल्या काळात, १५ सप्टेंबरला, लेहमन ब्रदर्स ही बडी गुंतवणूक बँक बुडाली होती आणि माझ्या निवृत्तीनिधीचे विवरणपत्र उघडायलाही मी धजत नव्हतो. दोहोंपैकी कशाने मत फिरवले, हे मला आजही वेगळे काढून सांगता येत नाही.

न्यू जर्सीहून :
माझे मत २०२० साली जो बायडन यांनाच जाणार होते, त्यांनी कोणालाही सोबत घेतले असते तरी. ११ ऑगस्टला कमला हॅरिस यांचे नाव आले आणि पक्षाच्या अधिवेशनातल्या भाषणात त्यांनी आपल्या ‘चित्तीं’चा, म्हणजे मावश्यांचा, उल्लेख केला, तेव्हा मात्र माझे डोळे भरून आले. त्यांची आई चेन्नईची, मी मिरजेची; नाते काहीच नाही, तरीही या देशात तीस वर्षे राहून जे कधी केले नव्हते ते मी त्या वर्षी केले : पन्नास डॉलरची देणगी दिली आणि पेनसिल्व्हेनियातल्या अनोळखी मतदारांना फोन केले. निम्म्यांनी फोन आपटला. मतमोजणीत माझे मत तेवढेच, एक. पण त्या फोनांची मोजदाद कुठे होते, असा प्रश्न मला पडतो.

टेक्सासहून :
मी रिपब्लिकन पक्षाला मत देतो. २०१६ साली डोनाल्ड ट्रम्प यांच्याविषयी मी साशंक होतो आणि मत न देण्याच्या विचारात होतो. इंडियानाचे गव्हर्नर आणि त्यापूर्वी बारा वर्षे प्रतिनिधीगृहाचे सदस्य असलेले माइक पेन्स सोबत आले, तेव्हा घरात कोणीतरी जबाबदार मोठे माणूस आहे असे वाटले आणि मी मत दिले. २०२४ साली जे. डी. व्हान्स यांच्या नावाने मला काहीच वाटले नाही. त्यांच्या पत्नी उषा तेलुगू कुटुंबातल्या, म्हणून आमच्या ओळखीतली काही मंडळी हरखली होती. हे मत देण्याचे कारण कसे होऊ शकते, ते मला समजले नाही. (वरच्या मावशींनी राग मानू नये.)

फिलाडेल्फियाजवळून :
टेक्सासच्या दादांना उत्तर देण्याचा मोह आवरून माझा अनुभव लिहिते. २०२४च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार झालेल्या हॅरिस आमच्या पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जॉश शापिरो यांना जोडीदार म्हणून निवडतील, अशी आमच्या गल्लीत सर्वांची खात्री होती. ६ तारखेला त्यांनी मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ यांना निवडले आणि त्याच संध्याकाळी फिलाडेल्फियाच्या सभेत शापिरो यांनीच दणदणीत भाषण केले. मी मत हॅरिस यांना दिले, शेजाऱ्याने ट्रम्प यांना. राज्याची १९ इलेक्टोरल मते (राष्ट्राध्यक्ष ठरवणारी, राज्यांना वाटून दिलेली मते) ट्रम्प यांच्याकडे गेली आणि तेव्हापासून भिशीच्या प्रत्येक बैठकीत ‘शापिरो असते तर’ हा विषय निघतो. मला ते पटत नाही. २०१२ साली उपाध्यक्षपदाचे उमेदवार पॉल रायन यांना आपले विस्कॉन्सिन मिट रॉम्नी यांच्या पदरात टाकता आले नाही, आणि २००४ साली तसेच उमेदवार असलेल्या जॉन एडवर्ड्स यांना आपले नॉर्थ कॅरोलायना जॉन केरींच्या. शेजाऱ्याला विचारले, तर तो म्हणाला, “शापिरोला मी गव्हर्नर म्हणून मत दिले होते, पुन्हाही देईन.” पुढचे त्याने बोलायची गरज नव्हती.

पुण्याहून :
मी तिथला मतदार कधीच नव्हतो, पण १९८८ साली आयोवात शिकत होतो. उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या वादसभेत डेमोक्रॅटिक पक्षाचे लॉइड बेंटसन यांनी, आपल्या अनुभवाची तुलना माजी राष्ट्राध्यक्ष जॅक (जॉन) केनेडी यांच्याशी करणाऱ्या रिपब्लिकन डॅन क्वेल यांना, “तुम्ही जॅक केनेडी नाही”, असे सुनावले, तेव्हा वसतिगृहाच्या बैठकीच्या खोलीत इतका गलका झाला की पुढचे वाक्य ऐकूच आले नाही. निकाल लागला, असे आम्हाला वाटले. नोव्हेंबरात क्वेल यांना सोबत घेऊन जॉर्ज बुश यांनी ४० राज्ये जिंकली, त्यांत बेंटसन यांचे टेक्सासही होते. गंमत अशी की, टेक्सासच्या कायद्यानुसार बेंटसन त्याच दिवशी सिनेटचीही निवडणूक लढवत होते आणि ती त्यांनी सहज जिंकली. माझ्या खोलीतला मुलगा टेक्सासचा होता, त्याने टपालाने मत दिले होते. कोणाला, असे विचारल्यावर म्हणाला, “बेंटसन माझ्या मतपत्रिकेवर दोनदा होते. मी त्यांना एकदा मत दिले.”